आभाळातलं आम्ल आणि तळ्यातले मासे

पहिल्या सरीचं पाणी गच्चीवर बादलीत धरलं. सामू (pH) पट्टीवर ५ च्या आसपास रंग आला. ठाण्यात आम्लपाऊस पडतो का? (पाचपाखाडी)

एका बादलीवरून निकाल देऊ नका. स्वच्छ हवेतल्या पावसातही कार्बन डायऑक्साइड विरघळतो, त्यामुळे त्याचा सामू ७ (ना आम्ल, ना अल्क) नसतो, ५.६ च्या आसपास असतो. कोळसा, तेल आणि गाड्यांच्या धुरातून गंधकाम्ल, नत्राम्ल तयार झालं की सामू आणखी उतरतो, म्हणजे पाणी जास्त आम्ल होतं. पहिली सर तर उन्हाळाभराची हवा धुऊन आणते. आठवडाभर चांगला पाऊस झाल्यावर पुन्हा तपासा. आणि थेट आभाळातून पडलेलं पाणीच धरा, पत्र्यावरून ओघळलेलं नको.

सामू ६ चा ५ झाला, तर एका अंकाने असं काय बिघडतं? (वाशी)

एक अंक म्हणजे आम्लता दहापट! ६ च्या खाली गोगलगायी, शिंपले कमी होऊ लागतात. ५ ला बहुतेक माशांची अंडी फुटतच नाहीत. मोठे मासे दिसत राहतात, पिल्लं मात्र नसतात. मग एक दिवस तळं रिकामं. मातीत बांधलेलं ॲल्युमिनियम आम्लामुळे सुटून पाण्यात येतं, कल्ल्यांवर चिकटा धरतो आणि मासा पाण्यातच गुदमरतो. नॉर्वे-स्वीडनच्या हजारो तळ्यांवर हे ओढवलं, कारण तिथल्या ग्रॅनाइटमध्ये आम्ल मारणारं फारसं काही नाही. फसवी गोष्ट म्हणजे अशी तळी काचेसारखी नितळ दिसतात.

खाडीला धोका आहे का? (ऐरोली)

आम्लपावसाचा जवळजवळ नाही. समुद्राच्या पाण्यातले बायकार्बोनेट ते पचवतात. सांडपाण्याचं विचाराल, तर उत्तर वेगळं.

घराजवळच्या तळ्यात सकाळी मेलेले मासे तरंगत होते. आदल्या रात्री पाऊस झाला होता. आम्लपाऊसच ना? त्यात चुना टाकावा म्हणतो. (ठाणे पश्चिम)

बहुधा नाही. आपला काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट, झिजताना कॅल्शियम-मॅग्नेशियम सोडतो आणि आम्ल बरंचसं मारतो. तुम्ही पाण्याचा रंग लिहिला नाहीत, पण तो हिरवा असावा असा माझा कयास आहे. सांडपाणी, निर्माल्य यांवर शेवाळ माजतं. दिवसा ते प्राणवायू सोडतं, रात्री स्वतःच ओढतं. त्यात पावसाने गटार आणि तळचा गाळ ढवळला, की पहाटे माशांना श्वास उरत नाही. खात्री करायची तर भर दुपारी पट्टी बुडवा. ८.५-९ दाखवली, तर पाणी आम्ल नाही, उलट अल्कधर्मी आहे.

म्हणून चुना मुळीच नको. स्वीडनमध्ये तळ्यांत चुनखडी टाकतात, ती आम्ल झालेल्या पाण्यासाठी. तुमच्याकडे सामू आणखी चढला, तर सांडपाण्यातला अमोनिया जास्त विषारी होईल आणि उरलेले मासेही जातील. चुन्याचे पैसे वाचवा. पावसात काठाने एक फेरी मारा आणि कुठून काळं पाणी आत येतंय ते पाहून फोटोसकट महापालिकेला अर्ज द्या.