चुनखडीच्या कपचीवरची हजेरी

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीतली दीडशे चिन्हं ओळखता येऊ लागली, हे वाचून फार आनंद झाला. मात्र 'तिथे लेखनिकावर कुणी साहेबच नसे' या तुझ्या वाक्यापाशी मी अडलो. ही बढाई लेखनिकांचीच आहे आणि ती शाळकरी पोरांसाठी लिहिली होती. त्या मजकुरात खेती नावाचा बाप आपल्या मुलाला, पेपीला, नावेतून राजधानीच्या शाळेत पोचवायला निघतो आणि वाटेत एकेका धंद्याचे वाभाडे काढतो. तांबटाची बोटं मगरीच्या नख्यांसारखी, अंगाला माशांच्या अंड्यांपेक्षा घाण वास. पुढे पिढ्यान्‌पिढ्या मुलं हा मजकूर घोटत राहिली. नकलांमध्ये इतक्या चुका शिरल्या की काही ओळींचा अर्थ आजही नीट लागत नाही. आधार म्हणून हा मजकूर जपूनच वापर.

खरा लेखनिक भेटतो देर अल-मदिनात. राजांच्या दरीत थडगी खोदणाऱ्या कारागिरांचं हे गाव. तिथलं रोजचं लिखाण चुनखडीच्या कपच्यांवर आणि खापरांवर होई. मुलांचा हात आधी बसे तो हिएरॅटिकवर, म्हणजे चित्रलिपीच्या झरझर लिहायच्या रूपावर. भिंतींवरची चित्रलिपी ज्याला लागेल तो नंतर शिके. आपल्याकडे बाळबोध आणि मोडी होती ना, काहीसा तसाच फरक. आजची पाठ्यपुस्तकं चित्रलिपीपासून सुरू होतात, त्याला हरकत नाही. पण हिएरॅटिक लांबणीवर टाकू नकोस. मी टाकलं आणि दोन वर्षं देवळांच्या भिंतींवरच्या राजांच्या पदव्याच वाचत बसलो. माणसं भेटलीच नाहीत.

मुलांचा कित्ता म्हणजे 'केमित'. त्याची सुरुवातच पत्राच्या मायन्याने होते. देर अल-मदिनातली पोरं तो गिरवत होती तेव्हा तो सात-आठशे वर्षांचा जुना झाला होता. एव्हाना सगळे आडव्या ओळी लिहीत, पण केमित मात्र जुन्या पद्धतीने उभ्या रकान्यांतच. चुकलं की मार ठरलेला. पोराचे कान पाठीवर असतात, मारलं की ऐकतो, असं गुरुजी लिहूनच ठेवत. हे मला कधीच पटलं नाही आणि तुलाही पटू नये. अक्षर वाईट म्हणून मात्र खचू नकोस. त्याच गावच्या केनहिरखोपशेफचं अक्षर वाचताना भले भले अभ्यासक टेकीला येतात, आणि तो कित्येक दशकं तिथला लेखनिक होता.

आता एकच कपची जवळून बघ. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीचं 40वं वर्ष, चाळीस कारागिरांची हजेरी. नाव आणि गैरहजेरीच्या तारखा काळ्या शाईत, वर बारीक लाल अक्षरांत कारण. काळी शाई काजळीची, लाल गेरूची. लाकडी पाटीत दोन खळगे आणि लव्हाळ्याची काडी, टोक चावून कुंचल्यासारखं केलेली. सेबाला विंचू चावला. हुयनेफरचा डोळा दुखतोय, पुन्हा दुखतोय. कुणी आईच्या प्रेताला वस्त्रं गुंडाळायला गेलाय, कुणी बिअर गाळायला. लिहिणाऱ्याने कारण गाळलं असतं तरी हजेरी पुरी झाली असती. त्याने काडी लाल शाईत बुडवली.

तिसऱ्या रामसेसच्या 29व्या वर्षी धान्य थकलं आणि कारागीर काम टाकून देवळांपाशी जाऊन बसले. भूक आणि तहान घेऊन आम्ही इथे आलोय, कपडे नाहीत, मासे नाहीत, भाजी नाही, हे त्यांचं म्हणणं आज आपल्याला कळतं ते लेखनिकाने तारखांसकट टिपून ठेवलं म्हणून. तो पपायरस इटलीत तुरीनला आहे. खेतीच्या बढाईच्या आधी ही कपची आणि हा पपायरस वाच.

आणि नुसते डोळ्यांनी वाचू नकोस, हाताने उतरव, उजवीकडून डावीकडे. पुढच्या पत्रासोबत हुयनेफरची ओळ तुझ्या हातची पाठव. काळी शाई आणि लाल, दोन्ही.