काडतूस आत बसलं म्हणून ते त्या बंदुकीचं होत नाही

या वेळी आलेल्या पत्रांमधली पाच पत्रं जवळजवळ एकाच गोष्टीवर आहेत, बंदूक एक आणि काडतूस दुसरीचं. मी रेंजवर मुलांना शिकवतो आणि शस्त्रागाराच्या किल्ल्या बरीच वर्षं माझ्याकडेच आहेत, त्यामुळे हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. म्हणून या अंकात बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त हेच घेतोय.

प्रश्न : सर नमस्कार, मी कुडाळ तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडे आजोबांपासून १२ बोरची डबल बॅरल आहे, शेती संरक्षणाच्या लायसनवर. मागच्या महिन्यात भावोजी येऊन गेले, त्यांची २० बोर आहे, जाताना त्यांची तीन-चार काडतुसं आमच्या पिशवीतच राहिली. रात्री शेतातल्या मांगरात बसलेलो, अंधारात त्यातलंच एक बंदुकीत टाकलं, चाप ओढला तर नुसता टक् आवाज. उघडून बघितलं तर आत काडतूसच नाही! मला वाटलं भरायलाच विसरलो, म्हणून दुसरं घेतलं तेवढ्यात बायकोने बॅटरी मारली आणि म्हणाली अहो नळीत पितळ चमकतंय. तर २० चं काडतूस लहान ना, मग ते पुढून घरंगळून बाहेर का नाही पडलं? आणि दुसरं भरून बार काढला असता तर काय झालं असतं?

उत्तर : दादा, आधी वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्यांनी त्या रात्री तुमचा डावा हात वाचवलाय, कदाचित डोळेही.

आता तुमचा पहिला प्रश्न. बोर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आणि ते उलटं चालतं, आकडा मोठा तितकी नळी अरुंद. १२ बोरच्या नळीत मागच्या बाजूला काडतूस बसायची जागा असते ना, चेंबर, ती आतून साधारण २०.३ मिलिमीटर रुंद असते आणि तिच्या पुढे नळी निमुळती होत होत १८.५ मिलिमीटरवर येते. २० बोरच्या काडतुसाच्या बुडाची जी कड असते ती जवळपास १९.५ मिलिमीटरची. म्हणजे बघा, चेंबरमधून ते आरामात पुढे सरकतं पण निमुळत्या भागात त्याची कड अडकते आणि तिथेच बुचासारखं बसून राहतं. १२ बोरच्या काडतुसाची कड २२.५ मिलिमीटरची असते म्हणून ते मागेच अडून जागेवर राहतं. टक् आवाज आला पण बार झाला नाही, कारण पिन जिथे मारते तिथे काडतूस नव्हतंच, ते बोटभर पुढे गेलं होतं. आणि बंदूक उघडल्यावर चेंबर रिकामं दिसतं, माणूस विचार करतो की भरायचं राहिलं असेल, आणि मागून १२ चं काडतूस व्यवस्थित बसतंसुद्धा. बंदूक कुरकुर न करता बंद होते. सगळ्यात वाईट गोष्ट हीच आहे, की कुठेच काही अडत नाही, हाताला काही वेगळं लागत नाही.

त्यानंतर बार काढला की १२ च्या काडतुसाचे छर्रे आणि सगळा दाब समोरच्या बुचावर जाऊन आदळतो, पुढचं काडतूस जिवंत असतं तेही त्यात पेटू शकतं, आणि नळी फुटते. कुठे फुटते, तर चेंबरच्या जरा पुढे, म्हणजे आपण डाव्या हाताने बंदूक धरतो बरोबर तिथे. मी अशी फुटलेली नळी हातात घेऊन बघितलीय, केळीचं साल सोलल्यासारखी उलगडलेली होती, आणि तेव्हापासून मी रेंजवर दोन बोरची काडतुसं एका टेबलावर ठेवू देत नाही, कोणी कितीही ओळखीचा असला तरी.

अमेरिकेतल्या कंपन्यांनी याच कारणासाठी १९६० च्या दशकापासून २० बोरची काडतुसं पिवळ्या रंगात काढायला सुरुवात केली, आणि आता बहुतेक ठिकाणी २० म्हणजे पिवळं हे ठरूनच गेलंय. पण जुन्या कागदी काडतुसांना हा नियम लागत नाही आणि रात्री मांगरात लाल काय आणि पिवळं काय. त्यामुळे रंगावर जाऊ नका, बुडाच्या पितळेवर आकडा कोरलेला असतो तो बॅटरीच्या उजेडात वाचा आणि मग भरा. ज्या दिवशी जी बंदूक घेऊन निघालात त्या दिवशी अंगावर आणि पिशवीत फक्त तिचीच काडतुसं, घरातून निघताना पिशवी उलटी करून झाडून घ्या.

परत कधी टक् झालं आणि बार झाला नाही तर लगेच उघडायचं नाही. नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा, कारण कधीकधी बार उशिराने होतो. मग उघडा, दोन्ही नळ्यांतून आरपार बघा. अडकलेलं काडतूस मागून काठीने ठोकायला जाऊ नका, मागच्या बाजूला त्याची ठिणगी पाडणारी टोपी असते आणि तिच्यावर ठोका बसला की ते उडतं. बंदूक उघडीच ठेवून लायसनवाल्या दुरुस्तीवाल्याकडे न्या.

अजून दोन गोष्टी, जरा कडक वाटतील पण सांगतो. भावोजींची काडतुसं तुमच्या घरात ठेवू नका, ती तुमच्या लायसनवर नाहीत, त्यांना कळवून लगेच त्यांची सोय लावा. आणि बंदुकीचं लायसन आहे म्हणजे रानडुकरावर गोळी घालायची परवानगी आहे असं होत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि पीक वाचवायला डुक्कर मारायचं असेल तर वनखात्याची परवानगी वेगळी काढावी लागते. भाताचं नुकसान बघून किती जीव जळतो ते मला माहितीये, तरी ती परवानगी आधी काढा.

प्रश्न : मी अमरावतीची. वडिलांची जुनी इंग्लिश १२ बोर आहे, वडील आता नाहीत. माझा भाऊ म्हणतो १२ ची कुठलीही काडतुसं १२ मध्ये चालतात, त्याने नवीन बॉक्स आणायचा म्हणून चौकशी केली तर दुकानदाराने ६५ की ७० असं विचारलं. हे ६५-७० काय आहे? बंदुकीत तर दोन्ही जातात म्हणे.

उत्तर : ताई, दुकानदार चांगला आहे, त्याने विचारलं हे बरं केलं. ६५ आणि ७० म्हणजे काडतुसाची लांबी मिलिमीटरमध्ये, इंचात अडीच आणि पावणेतीन. पण यात एक गोम आहे जी भल्याभल्यांना माहिती नसते, ही लांबी उडालेल्या काडतुसाची असते, न उडालेल्याची नाही. नवीन काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं त्यामुळे ७० चं काडतूसही भरताना ६५ पेक्षा आखूडच असतं आणि ६५ च्या चेंबरमध्ये सहज बसतं. बार होताना ते तोंड पुढे उघडतं, आणि पुढे जागा नसते, मग ते निमुळत्या भागात घुसून छर्ऱ्यांची वाट अरुंद करतं आणि दाब वाढतो. एखाद्या वेळी काही होणार नाही, दहा वेळा होणार नाही, पण जुन्या नळीवर प्रत्येक वेळी तो ताण पडत असतो.

जुन्या इंग्लिश बंदुका बहुतेक ६५ च्या असतात. नळ्या काढून त्यांच्या खालच्या सपाट भागावर बघा, लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे बंदुका तपासून पास करणाऱ्या संस्थेचे शिक्के असतील, चेंबरची लांबीही बऱ्याचदा तिथेच असते. ती बंदूक काळ्या दारूसाठी तपासली होती की नायट्रो म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूसाठी, हेही त्या शिक्क्यांवरून जाणकाराला कळतं. नळीवर लाटांसारखी किंवा वेणीसारखी नक्षी दिसत असेल तर ती दमास्कस असू शकते, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली, आणि तिच्यात आजचं काडतूस जाणकाराला दाखवल्याशिवाय घालूच नका, दिसायला कितीही सुंदर असू दे.

आणि ताई, भावाला सांगा बॉक्सची घाई नको. लायसन वडिलांच्या नावावर होतं ना, मग ते गेल्यावर बंदूक आणि उरलेली काडतुसं पोलीस स्टेशनला किंवा लायसनवाल्या डीलरकडे जमा करायची आणि वारसाने आपल्या नावाने अर्ज करायचा. वडिलांची आठवण आहे, सोडवत नाही, हे समजतं मला. पण रीतसर केलं तर ती घरातच परत येऊ शकते.

प्रश्न : काका, मी मूळचा सांगलीचा, सध्या टेक्सासमध्ये आयटीत. इथे मित्रांबरोबर रेंजवर जातो. एका मित्राकडे दोन एआर-१५ रायफली आहेत, एक .२२३ ची आणि एक .३०० ब्लॅकआउटची, दिसायला सेम टू सेम. तो म्हणतो मॅगझिन कुठलंही लाव चालतं. खरंच?

उत्तर : मॅगझिन चालतं, तिथेच तर घोळ आहे! .३०० ब्लॅकआउट हे काडतूस .२२३ च्याच पुंगळीवरून, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचावरून बनवलंय, पुंगळी कापून आखूड केली आणि तोंडाला जाडी गोळी बसवली. अमेरिकेत २०११ मध्ये त्याला अधिकृत मान्यता मिळाली. बनवतानाच विचार असा होता की मॅगझिन तेच, काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा बोल्ट तोच, फक्त बॅरल बदलली की झालं. सोय म्हणून फारच छान, पण चूक झाली तर थांबवणारं काहीच उरलं नाही. .२२३ ची गोळी ५.७ मिलिमीटरची आणि ब्लॅकआउटची ७.८ ची. ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या रायफलमध्ये गेलं तर बोल्टच्या जोराने गोळी पुंगळीत मागे दाबली जाऊ शकते, काही वेळा बोल्ट पूर्ण बंदही होतो, आणि मग ७.८ ची गोळी ५.७ च्या नळीतून जायला बघते. जाणार कुठून, सगळा दाब मागे येतो, रायफलचे तुकडे होतात आणि ती तुझ्या गालाला टेकलेली असते. उलटं, म्हणजे .२२३ ब्लॅकआउटमध्ये, सहसा बसतच नाही कारण ते लांब आहे. त्यामुळे धोका एका बाजूचाच आहे, पण मोठा आहे.

मित्राला सांग दोन्हींची मॅगझिनं वेगळ्या रंगाची घे, त्यावर ठळक लिही, आणि रेंजवर एका दिवशी एकच रायफल आण. मॅगझिनवरचं लिहिलेलंसुद्धा पुरेसं नाही रे, आत कोणी काय भरलंय ते वरचं एक काडतूस काढून बुडावरची अक्षरं वाचून बघायचं आणि ती बॅरलवरच्या अक्षरांशी जुळवायची. हे करायला दहा सेकंद लागतात. मित्र रागावला तर रागावू दे, तू नाही म्हणून बाजूला हो.

जाता जाता, .२२३ आणि ५.५६ हेही अगदी एक नाहीत. ५.५६ लिहिलेल्या बॅरलमध्ये .२२३ चालतं, पण फक्त .२२३ लिहिलेल्या बॅरलमध्ये ५.५६ घालू नये, दाब जास्त होऊ शकतो.

प्रश्न : मुलगी नववीत आहे, कोल्हापूरला रायफल शिकतेय, एअर रायफलवरून आता .२२ वर जाणार. घरात जुन्या सामानात .२२ लिहिलेला एक बॉक्स सापडला, तो क्लबला नेला तर चालेल का?

उत्तर : नको. आणि घरात जिवंत काडतुसं सापडली असतील तर ती मुलीच्या बॅगेत घालून कुठेही पाठवू नका, तो बॉक्स कोणाच्या लायसनवरचा आहे ते बघा आणि पोलीस स्टेशनशी बोला.

कोल्हापूरची मुलं आता या खेळात मोठ्या संख्येने येतायत याचा मला फार आनंद होतो. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं तेव्हा मी रडलो होतो. तो नेम याच .२२ लाँग रायफल काडतुसाचा. पण .२२ लिहिलं म्हणजे एकच काडतूस नाही हो. .२२ मॅग्नम म्हणून वेगळं काडतूस आहे, १९५९ पासूनचं, ते जाडही आहे आणि लांबही, लाँग रायफलच्या चेंबरमध्ये जातच नाही. पण लाँग रायफलचं काडतूस मॅग्नमच्या चेंबरमध्ये सैल बसतं आणि उडालं तर पुंगळी फाटून गरम गॅस मागे तोंडावर येऊ शकतो. मुलीला एवढं शिकवा की बॉक्सवर .२२ च्या पुढे काय लिहिलंय ते पूर्ण वाचायचं, आणि क्लबने दिलेल्या काडतुसांशिवाय दुसरं काहीही रायफलमध्ये घालायचं नाही, मैत्रिणीने प्रेमाने दिलं तरी.

एक अजून शिकवा. बार नेहमीपेक्षा मऊ वाजला, फुस्स झाला, धक्का कमी लागला तर हात वर करून थांबायचं आणि कोचला बोलवायचं. गोळी नळीतच राहिलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी मारली की नळी फुगते किंवा फुटते. मॅचमध्ये घड्याळ चालू असतं, मुलं घाबरतात, पण असं थांबलेलं मूल मला पदकवाल्या मुलाइतकंच आवडतं.

प्रश्न : .३२ रिव्हॉल्व्हर आणि .३२ पिस्तुलाची काडतुसं एकमेकांत चालतात का? (नाशिक)

उत्तर : नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या .३२ रिव्हॉल्व्हरला एस अँड डब्ल्यू लाँग नावाचं काडतूस लागतं, पिस्तुलाला एसीपी नावाचं, ज्याला ७.६५ पण म्हणतात. लाँग पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये बसत नाही, पण एसीपी बऱ्याच रिव्हॉल्व्हरमध्ये बसतं आणि उडतंही, आणि त्याचा दाब लाँगपेक्षा जास्त असतो. खरेदी करताना नुसतं ".३२ द्या" म्हणू नका, काडतुसाचं पूर्ण नाव सांगा, घरी यायच्या आधी दुकानातच बॉक्स उघडून बुडावरचं वाचा आणि नसेल जुळत तर तिथेच परत द्या.