मुलं कंपनीत आली, आता त्यांच्याकडे बघणार कोण?

कॉलेज आणि आसपासच्या कंपन्यांनी मिळून मुलांना कामाचा अनुभव द्यायचा, म्हणजे इंटर्नशिप, प्लेसमेंट काय म्हणाल ते, यावर तुमच्याकडून प्रश्न मागवले होते. भरपूर आले, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : आमची मशीनिंगची छोटी कंपनी आहे. जवळच्या कॉलेजने विचारलंय की सहा आठवड्यांसाठी मुलं पाठवू का. मागे एकदा घेतली होती, तेव्हा मुलं कोपऱ्यात मोबाइल बघत बसायची, आमच्या लोकांना वेळ नसायचा, शेवटी सही-शिक्का मारून पाठवून दिली. परत तेच होणार असेल तर नाही म्हणू का?

उत्तर : नाही म्हणू नका. पण हो म्हणायच्या आधी एकच गोष्ट ठरवा, सकाळी आल्यावर ते मूल कोणाकडे जाणार? त्या माणसाचं नाव कागदावर आलं पाहिजे. "डिपार्टमेंट बघेल" म्हटलं की कोणीच बघत नाही, हे तुम्ही अनुभवलंच आहे. आणि ज्याचं नाव घालाल त्याचं रोजचं टार्गेट आहे तेवढंच ठेवलंत तर तो बिचारा शिकवणार कधी, म्हणून त्याचा रोजचा निदान अर्धा तास प्रॉडक्शनमधून मोकळा करा. या सगळ्या प्रकारात कंपनीचा खरा खर्च हा अर्धा तास आहे, आणि नेमका तोच कोणी हिशोबात धरत नाही.

दुसरं म्हणजे पहिल्या दिवसाचं काम आधीच काढून ठेवा. फॅक्टरी फिरवून आणणं हे काम नाही, ते तासाभरात संपतं. त्यापेक्षा रिजेक्ट झालेले पाच-सहा जॉब (म्हणजे मशीनवर केलेले भाग), त्यांचं ड्रॉइंग आणि मापं घ्यायचा एक व्हर्नियर समोर ठेवा आणि सांगा, हे का रिजेक्ट झाले ते शोधून काढ. मूल मापं घ्यायला लागेल, ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, ०.०२ मिमी दिसेल, आणि हातातल्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, तेही ०.०२, मग जॉब आत आहे की बाहेर हे छातीठोक सांगायचं कसं? हुशार असेल तर स्वतःहून त्याहून बारीक मोजणारा मायक्रोमीटर मागायला येईल, नसेल तर तुमचा माणूस दोन मिनिटांत दाखवेल. पण हे एकदा हाताने केलं की विसरायला होत नाही, वर्गात फळ्यावर तीनदा लिहून दिलं तरी होत नाही ते इथे होतं. आणि तुमचंही रिजेक्शनचं रेकॉर्ड तयार होतं.

कंपनीला फायदा काय, असं बरेच मालक विचारतात, आणि तो प्रश्न चुकीचा नाहीच. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाच्या डीननी १९०६ मध्ये ही पद्धत सुरू केली तेव्हा त्यात याचाही विचार होता. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या जोड्या केल्या, एक आठवडा एक जण वर्गात आणि त्याचा जोडीदार कारखान्यात, पुढच्या आठवड्यात अदलाबदल, म्हणजे कारखान्यातली जागा कधी रिकामी राहायची नाही. कारखान्याला पाहुणा नको असतो, काम पुढे नेणारा माणूस हवा असतो. तुम्हीही कॉलेजला सांगून बघा की एकदम दहा मुलं पाठवू नका, दोन-दोन पाठवा, आणि नवी जोडी येईल त्या दिवशी जुनी जोडी तिथे हजर असू दे.

प्रश्न : मी कॉलेजमध्ये प्लेसमेंटचं काम बघते. फाइलमध्ये एमओयू, म्हणजे कंपन्यांशी केलेले करार, ढिगाने आहेत, पण प्रत्यक्षात मुलं पाठवायची वेळ आली की कंपन्या फोनच उचलत नाहीत. काय करावं?

उत्तर : मॅडम, एमओयूवर सही असते प्राचार्यांची आणि कंपनीच्या मोठ्या साहेबांची, मुलं जाणार असतात सुपरवायझरकडे, आणि त्याला याचा पत्ताच नसतो. तुम्ही एकदा स्वतः जाऊन त्या सुपरवायझरला भेटा, त्यालाच विचारा की वर्षात तुमची घाई कधी असते, कोणतं काम मागे पडलंय, मुलांना काय येत असलं तर तुम्हाला उपयोग होईल. आणि दहा एमओयूपेक्षा तीन कंपन्या धरा पण दरवर्षी त्याच धरा.

वेळेचंही बघा. परीक्षा संपली की सगळी कॉलेजं एकाच महिन्यात कंपन्यांच्या दारात उभी राहतात, मग ते तरी किती जणांना घेणार? कॅनडातलं वॉटरलू विद्यापीठ १९५७ मध्ये सुरू झालं तेच को-ऑप पद्धतीने, तिथे शिकण्याची आणि कामाची सत्रं आलटून पालटून येतात, त्यामुळे वर्षभर कुठली ना कुठली बॅच कामावर असते आणि कंपनीला एक मूल गेलं की दुसरं मिळतं. तुम्हाला अख्खं वेळापत्रक बदलता येणार नाही, मान्य, पण आठवड्यातला एक दिवस कंपनीसाठी मोकळा ठेवणं बऱ्याच ठिकाणी जमण्यासारखं आहे. जर्मनीत तर व्यवसाय शिक्षणाचा गाभाच तो आहे, आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा, बाकीचे कंपनीत.

प्रश्न : मी शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजने दिलेल्या कंपनीत महिनाभर फक्त एक्सेलमध्ये आकडे भरतोय, पैसेही देत नाहीत. सोडून देऊ का?

उत्तर : लगेच सोडू नकोस. आधी रोजचं लॉगबुक लिहायला लाग, आज काय केलं, किती वेळ लागला, त्यात नवीन काय कळलं. आठवड्याने ते घेऊन तुझ्या सुपरवायझरकडे जा आणि नेमकं माग, "मला कंटाळा येतो" असं म्हणू नकोस, "हे आकडे येतात कुठून ते बघायला दोन दिवस त्या विभागात बसू का" असं विचार. बऱ्याचदा समोरच्याच्या लक्षातच आलेलं नसतं. तरी काही हललं नाही तर तेच लॉगबुक कॉलेजच्या कोऑर्डिनेटरला दाखव, कंपनी बदलून देणं हे त्यांचं काम आहे, ते तू एकट्याने भांडून करायचं नाही.

पैशाचं माझं मत स्पष्ट आहे. तू नुसता शिकत असशील तर एक वेळ ठीक, निदान जाण्या-येण्याचा खर्च तरी मिळावा, पण तुझ्या कामावर कंपनी गिऱ्हाइकाकडून पैसे घेत असेल तर तुला मोबदला मिळालाच पाहिजे. जर्मनीत १९६९ च्या कायद्यापासून शिकाऊ मुलांना योग्य भत्ता देणं बंधनकारक आहे, आणि तिथल्या कंपन्या काही बंद पडल्या नाहीत. फुकट राबवलं तर शेवटी ज्यांना घरून पैसे मिळतात तीच मुलं अशा कामाला येऊ शकतात, हुशार पण गरजू मूल बाहेरच राहतं, याची मला फार चीड येते.

प्रश्न : मुलगी कामाला जायला लागल्यापासून अभ्यासाला वेळ देत नाही. मार्क कमी होतील का?

उत्तर : तास मोजा. इंग्लंडमध्ये टी लेव्हल नावाचा दोन वर्षांचा कोर्स २०२० पासून सुरू आहे, त्यात कंपनीत किमान ३१५ तास, साधारण ४५ दिवस, काम करावंच लागतं, पण ते कोर्समध्येच धरलेलं असतं. मुलीच्या कामाचे तास कॉलेज क्रेडिटमध्ये, म्हणजे कोर्सच्या हिशोबात, धरतंय का हे विचारा. धरत नसेल तर ती दुप्पट ओझं वाहतेय, आणि हे कॉलेजशी बोलायचं, तिला रागावून काही होणार नाही.

प्रश्न : सर्टिफिकेटवर नेमकं काय लिहावं? आम्ही सगळ्यांना एकच छापील मजकूर देतो. (एक एचआर मॅनेजर)

उत्तर : "समाधानकारक" हा शब्द काढून टाका, त्यातून कोणालाच काही कळत नाही. कोणत्या मशीनवर किंवा कोणत्या सॉफ्टवेअरवर काम केलं, कोणतं काम मदतीशिवाय करता येतं, आणि शिकवलं कोणी, एवढं लिहा. शिकवणाऱ्याचं नाव आणि सही जरूर असू द्या, पुढच्या कंपनीला फोन करून विचारायचं झालं तर त्यांनाच विचारता येईल.