खरा राष्ट्रीय विजेता कोण?

प्रिय मुली,

मे महिन्यात एका शाळेनं एचएसएनसीटी ही क्विझबोलची, म्हणजे बझर दाबून उत्तरं देण्याच्या सांघिक प्रश्नमंजुषेची, राष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकली, जूनमध्ये तशीच एनएससी दुसरीनंच. मग अमेरिकेतला खरा विजेता कोण, हा तुझा प्रश्न क्विझबोलमध्ये जुनाच आहे. 'पेस' या संस्थेची एनएससी १९९८ पासून भरते, एनएक्यूटी या दुसऱ्या संस्थेची एचएसएनसीटी १९९९ पासून. राष्ट्रीय विजेता दोन्हीकडे जाहीर होतो.

करंडक बघण्याआधी तू प्रश्न वाच. समज, टॉसअप, म्हणजे दोन्ही संघांपुढे वाचला जाणारा आणि बझर आधी दाबणाऱ्यानं सोडवायचा प्रश्न, सी. व्ही. रामन यांच्यावर आहे. चांगला प्रश्न तबला-मृदंगाच्या नादावरच्या त्यांच्या संशोधनापासून सुरू होतो, कलकत्त्यातल्या अर्थखात्याच्या नोकरीवरून जातो आणि १९३०च्या नोबेलवर संपतो. ज्याला जास्त ठाऊक, त्याचा बझर आधी वाजतो. सुरुवातच नोबेलनं केली तर ज्याचा अंगठा चपळ तो जिंकतो, आणि असे शंभर सामने खेळवले तरी जाणकार संघ सापडायचा नाही. सुदैवानं या दोन्ही स्पर्धांचे प्रश्न अवघडाकडून सोप्याकडे येतात.

मग सामन्यांची रचना. एचएसएनसीटीत तीनशेच्या आसपास संघ असतात, सगळे एकमेकांशी कसे खेळणार? तिथे प्रत्येक संघाला क्रमांकाचं कार्ड मिळतं. पुढचा सामना कुठल्या खोलीत, हे कार्डावरून ठरतं. जिंकणारा संघ दोघांतलं वरच्या क्रमांकाचं कार्ड घेऊन निघतो, हरणारा दुसरं. त्यामुळे दोन-तीन फेऱ्यांतच तुल्यबळ संघ समोरासमोर येऊ लागतात. मला ही युक्ती फार आवडते. दहापैकी सहा सामने जिंकले की बाद फेरी, आणि तिथे चांगली कामगिरी करून आलेल्या संघाला एक हार पचवता येते.

एनएससीत संघ कमी, पण आधी गटसाखळी, मग निकालांनुसार नवे गट, आणि शेवटी सर्वोत्तम संघ आपसांत खेळतात. पहिला संघ दोन विजयांनी पुढे असेल तर अंतिम सामनाच होत नाही. एकानं पुढे असेल तर दुसऱ्याला त्याला दोनदा हरवावं लागतं. दिवसभराची कमाई एका सामन्यात वाहून जात नाही, म्हणून विजेता ठरवायला मला हीच पद्धत जास्त न्याय्य वाटते. देशभरातले संघ पारखायचे असतील तर मात्र एचएसएनसीटीला तोड नाही. दोन्हीकडे एकच संघ जिंकला, तर त्या वर्षी वाद उरत नाही. नाही जिंकला, तर दोघांनाही विजेते म्हणायला माझी हरकत नाही.

तुला स्वतःच्या संघाची ताकद जोखायची आहे ना? मग जय-पराजयाच्या शेजारी बोनसची, म्हणजे टॉसअपनंतर मिळणाऱ्या तीस गुणांच्या जोडप्रश्नांची, सरासरी लिही. टॉसअप मिळवलेल्या संघालाच बोनस आधी मिळतो, त्याची उत्तरं देताना समोरचा कितीही तगडा असला तरी आड येऊ शकत नाही. तीसपैकी सरासरी किती गुण येतात, हे त्याच स्पर्धेतल्या इतर संघांशी ताडून बघ. वेगळ्या स्पर्धेशी नको, कारण प्रश्नांची काठिण्यपातळी बदलते. येत्या शनिवारपासून विषयवार नोंद ठेव आणि पहिला तक्ता मला पाठव.

तुझा,
काका