खांदा निखळला होता, आता हात वर जात नाही

प्रश्न : मॅडम, माझं वय ५४. दोन महिन्यांपूर्वी ओल्या अंगणात पाय घसरून हातावर पडले आणि उजवा खांदा निखळला. दवाखान्यात बसवून दिला, ३ आठवडे हात गळ्यात होता. आता फिजिओथेरपीला जाते पण तिथं इतकं दुखतं की दुसऱ्या दिवशी जायलाच नको वाटतं. अंबाडा घालता येत नाही, ब्लाउजचे हूक मुलगी लावून देते, वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर डावा हात. सासूबाई म्हणतात गावाकडचा हाडवैद्य एका झटक्यात मोकळा करेल. जाऊ का? मला ८ वर्षांपासून शुगर आहे. (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : ताई, आधी शेवटचं सांगते, झटका देऊन घेऊ नका. सासूबाई काळजीपोटीच म्हणतायत, पण खांदा हा आपल्या शरीरातला सगळ्यात जास्त फिरणारा सांधा, त्याची खोबण अगदी उथळ असते, बशीत चेंडू ठेवल्यासारखी, आणि तो चेंडू जागेवर धरून ठेवायचं काम आजूबाजूचे चार छोटे स्नायू आणि सांध्याचं आवरण करतं. तुमचा खांदा निखळला तेव्हा हे सगळं ताणलं गेलंय, थोडं फाटलंही असेल, आणि त्यात कुणी जोरात ओढलं तर आणखी फाटेल, हाड ठिसूळ असेल तर मोडूही शकतं.

आता एक तपासणी घरी करा. आरामात पाठीवर झोपा आणि मुलीला तुमचा उजवा हात हळूहळू वर न्यायला सांगा, तुम्ही जोर लावायचा नाही. तिनं नेला तरी जर तो अध्येमध्ये अडकत असेल तर सांधा आखडलाय, आणि हे व्यायामानं सुटतं. पण तिनं नेला तर सहज वर जातो आणि उठून बसल्यावर तुम्हाला स्वतःला उचलता येत नाही, असं असेल तर स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी तुटलेली असू शकते किंवा नस दुखावलेली असू शकते. चाळिशीनंतर खांदा निखळला की ही दोरी तुटण्याचं प्रमाण बरंच असतं, आणि कितीतरी जणी 'आखडलाय, होईल बरा' म्हणत महिनेच्या महिने घालवतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण दोरी शिवायची असेल तर लवकर शिवलेली बरी. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, खांद्याच्या खाली, बधिर वाटतंय का तेही बघा. यातलं काहीही असलं तर या आठवड्यातच हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि सोनोग्राफी किंवा एमआरआय लागेल का ते विचारा.

नुसता आखडला असेल तर दुखण्याचं बोलू. व्यायाम करताना दुखणारच, पण किती? शून्य ते दहात चार-पाचपर्यंत चालेल आणि ते तासाभरात किंवा रात्रीपर्यंत शांत व्हायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त ठणकत असेल, रात्री झोप मोडत असेल, तर व्यायाम जास्त झालाय. हे तुमच्या फिजिओला स्पष्ट सांगा, संकोच करू नका, सांगितल्याशिवाय आम्हाला कळत नाही हो.

घरी दिवसातून ४ वेळा दहा-दहा मिनिटं करा, एकदाच तासभर करण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. आधी १० मिनिटं गरम शेक, सोसेल इतकाच, कारण शुगरवाल्यांना चटका लवकर कळत नाही. मग टेबलावर डावा हात टेकून वाका, उजवा हात लोंबता सोडा आणि अंग हलवून तो झुलू द्या, खांद्यानं हलवायचा नाही. मग भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, जिथं पोचलं तिथं पेन्सिलनं खूण करा. इथं बहुतेकजणी खांदा कानापर्यंत उचलून हात वर गेल्याचं समाधान करून घेतात, ते आरशात बघून टाळा. तिसरं, कोपर कमरेला चिकटवून दोन्ही हातांत लाटणं किंवा काठी आडवी धरा आणि डाव्या हातानं उजव्याला हळूच बाहेर ढकला. हात वर करून मागे नेण्याची, म्हणजे बॉल फेकतानाची पोझिशन मात्र अजून नको, त्यात खांदा परत निखळू शकतो, फिजिओ हो म्हणेपर्यंत थांबा. हूक लावायला हात पाठीमागे जाणं हे साधारण सगळ्यात शेवटी येतं, तोपर्यंत पुढून हूक असलेले ब्लाउज वापरा, आणि रोजचे डबे कमरेच्या उंचीवर आणून ठेवा. पोळ्या लाटायला हरकत नाही. रात्री पाठीवर झोपून कोपराखाली उशी घ्या, बऱ्याच जणींना तेवढ्यानंच झोप लागते.

शुगर असलेल्यांचा खांदा जास्त आखडतो आणि सुटायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे शेजारणीचा दोन महिन्यांत बरा झाला म्हणून स्वतःला दोष देऊ नका, तुम्हाला सहा महिने किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात. भिंतीवरची खूण पंधरा दिवसांत बोटभर तरी वर सरकतेय का बघा, अजिबात सरकली नाही तर डॉक्टरांना परत दाखवा आणि जाताना शुगरचा तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट (HbA1c) सोबत न्या, कारण सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं ठरलं तर त्यानं काही दिवस शुगर वाढते.