नोंदणीच्या अर्जातले सगळे रकाने भरायलाच हवेत का?

प्रश्न : सांगलीत माझे करसल्लागाराचे छोटे कार्यालय आहे. तीन संगणकांसाठी नवा अँटिव्हायरस आणला. प्रॉडक्ट की (परवान्याचा सांकेतिक क्रमांक) टाकताच नाव, मोबाइल, ईमेल, जन्मतारीख, व्यवसाय आणि शहर विचारणारा अर्ज समोर आला. मागच्या वेळी दुसऱ्या एका सॉफ्टवेअरसाठी सगळे भरले होते. त्यानंतर कर्ज आणि विम्याचे फोन थांबेनात. या वेळी खोटी माहिती भरली तर चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : खोटी माहिती भरू नये, रकाना रिकामा ठेवणे केव्हाही चांगले. अ‍ॅक्टिव्हेशन आणि रजिस्ट्रेशन म्हणजे नोंदणी, या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि आपली पंचाईत होते ती त्या एकाच पडद्यावर पाठोपाठ येतात म्हणून. अ‍ॅक्टिव्हेशनमध्ये ती की खरी आहे का आणि परवान्यापेक्षा जास्त संगणकांवर वापरली जात नाही ना, एवढेच तपासले जाते आणि त्यासाठी आपल्या जन्मतारखेची काहीच गरज नसते. 2001 मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत अ‍ॅक्टिव्हेशन सक्तीचे होते, नोंदणी मात्र ऐच्छिक होती. आज अनेक कंपन्या दोन्हींची सरमिसळ करतात, म्हणून आधी तारांकित, म्हणजे भरणे सक्तीचे असलेले, रकाने कोणते ते पाहावे आणि उरलेले कोरे सोडून ‘पुढे’ दाबून पाहावे. बहुतेक वेळा गाडी पुढे सरकते.

ईमेल मात्र खरा आणि चालू असलेलाच द्यावा. संगणक फॉरमॅट करावा लागला किंवा की हरवली, तर परवाना परत मिळवण्याचा मार्ग बहुधा त्याच पत्त्यावरून जातो. तिथे काल्पनिक पत्ता दिला असेल तर पैसे मोजूनही आपण हात चोळत बसतो. अशा कामांसाठी कार्यालयाच्या नेहमीच्या ईमेलहून वेगळा पत्ता उघडावा. जीमेल असल्यास नावापुढे अधिकचे चिन्ह आणि सॉफ्टवेअरचे नाव जोडले तरी पत्र आपल्याच पेटीत येते, आणि उद्या त्या पत्त्यावर कर्जाची जाहिरात आली तर पत्ता कोणाकडून गेला याचा अंदाज बांधता येतो. काही अर्ज ते चिन्ह स्वीकारत नाहीत, ही अडचण आहेच. जीएसटीच्या बिलासाठी लागणारे नाव आणि क्रमांक विक्रेत्याला द्यायचे असतात. ते नोंदणीच्या अर्जात पुन्हा लिहिण्याचे कारण नाही.

खरी मेख अर्जाच्या तळाशी असते. ‘आमच्या व सहयोगी संस्थांच्या योजना कळवा’ अशा ओळीसमोर आधीच टिक केलेली असते, ती काढावी. आपण 1909 वर डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे फोन नकोत अशी पसंती, नोंदवले असले, तरी एखाद्या कंपनीला स्वतः दिलेली संमती त्यावर मात करते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. इन्स्टॉल करतानाही घाईने ‘रेकमेंडेड’ न निवडता ‘कस्टम’ निवडावे, म्हणजे सोबत येणारे टूलबार आणि वापराची माहिती पाठवण्याची परवानगी नजरेस पडते.

कायद्यालाही हेच अभिप्रेत आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या सहाव्या कलमानुसार संमती ठरावीक कामासाठी आवश्यक असलेल्या माहितीपुरतीच मर्यादित असते. कलमाखाली उदाहरणही दिले आहे : दूरवैद्यक सेवेच्या अ‍ॅपने फोनमधील संपर्क यादी मागितली आणि ग्राहकाने होकार दिला, तरी सेवेसाठी ती यादी लागत नसल्यामुळे तो होकार यादीला लागू होत नाही. पण पंधरावे कलम माहिती देताना दुसऱ्या व्यक्तीचे सोंग घेण्यास मनाई करते आणि त्यासाठी कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणून शेजाऱ्याचे नाव आणि नंबर ठोकून देण्याचा मोह टाळावा. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले असून कंपन्यांवरील मुख्य बंधने अठरा महिन्यांनंतर लागू होणार आहेत.

आधी दिलेल्या मोबाइल क्रमांकाबाबत तोवर थांबण्याची गरज नाही. त्या कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता शोधावा, परवाना क्रमांक कळवून मोबाइल आणि जन्मतारीख नोंदीतून काढावी आणि जाहिरातींची संमती रद्द करावी, असे लेखी कळवावे. परवान्याला जोडलेला ईमेल मात्र तसाच ठेवा, असेही त्यात आवर्जून लिहावे.