रंग तोच, हात तेच. मग त्रास आत्ताच का?

प्रश्न : मी अठरा वर्षे रंगकाम करतो. गेल्या काही महिन्यांपासून बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ येते, खाज सुटते आणि नंतर कातडी सोलवटून भेगा पडतात. सुट्टी घेतली की आठवड्याभरात हात बरे होतात आणि कामाला लागलो की पुन्हा तेच. हल्ली बंद खोली रंगवली की पापण्याही सुजतात. आता मी बहुतेक पाण्यातले रंग वापरतो, ज्यांना फारसा वासही नसतो. इतकी वर्षे सोसलेल्या रंगाची अ‍ॅलर्जी होईल का? काम सोडावे लागेल का?

उत्तर : सुट्टीत बरे आणि कामावर वाईट, हा तुम्ही स्वतःच टिपलेला क्रम निदानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. अठरा वर्षांचा अनुभव मात्र येथे पुरावा म्हणून चालत नाही. स्पर्शातून होणारी अ‍ॅलर्जी पहिल्या दिवशी उमटत नाही. शरीराच्या प्रतिकारपेशी एखादा पदार्थ ‘परका’ म्हणून ओळखायला शिकतात, त्याला कधी दोन आठवडे लागतात, तर कधी कित्येक वर्षे. एकदा शिकल्यावर त्या सहसा विसरत नाहीत आणि मग अत्यल्प मात्राही पुरते. शिवाय पुरळ एक ते तीन दिवसांनी उठते, त्यामुळे सोमवारच्या डब्याचा दोष बुधवारी हातात असलेल्या पुट्टीवर जातो.

वास नाही म्हणून रंग निर्धोक, हा समज सोडून द्यावा. डब्यातल्या पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून आयसोथायाझोलिनोन गटातील संरक्षक द्रव्ये घालतात, आणि मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे त्यांतील अ‍ॅलर्जीसाठी कुप्रसिद्ध नाव. रंग वाळल्यानंतरही ते काही दिवस, कधी काही आठवडे, हवेत उतरत राहते. पापण्यांची कातडी अतिशय पातळ असल्याने सूज तेथे लवकर दिसते. हीच द्रव्ये काही द्रवरूप साबणांत व शाम्पूंतही असतात, म्हणजे काम थांबवूनही त्रास पुरता थांबला नाही, तर न्हाणीघरातल्या बाटल्यांकडेही पाहावे.

हात कशाने धुता, हे तुम्ही लिहिलेले नाही. बहुतेक रंगारी थिनरमध्ये चिंधी बुडवून हात पुसतात, म्हणून विचारतो. थिनर रंगाबरोबर कातडीचे स्वतःचे तेलही काढून नेतो. नुसत्या त्यानेही इसब होते, त्यात अ‍ॅलर्जीचा संबंध नसतो. पण अशा उघड्या पडलेल्या कातडीतून अ‍ॅलर्जीकारक द्रव्ये सहज आत शिरतात. टर्पेंटाइन तर स्वतःच अ‍ॅलर्जी देऊ शकते. रंग ओला असतानाच सौम्य साबणाने हात धुवावेत व पुसून जाडसर, सुगंधविरहित मलम लावावे.

नेमका दोषी शोधण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर संशयित पदार्थांच्या लहान चकत्या चिकटवून त्या 48 तासांनी काढतात आणि त्याच दिवशी व पुढे एकदोनदा पाठ तपासतात. तोवर पाठ भिजवायची नसते. जाताना वापरातल्या प्रत्येक डब्याच्या लेबलाचे छायाचित्र आणि उत्पादकाचे सुरक्षा माहितीपत्रक न्या. घरी मनगटावर रंगाचा थेंब लावून ‘चाचणी’ करू नका. विशेषतः इपॉक्सीच्या (दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या रेझिनच्या) हार्डनरने कातडी भाजते आणि नवी अ‍ॅलर्जीही जडू शकते.

काम सोडण्याचा प्रश्न त्यानंतरचा. दोषी द्रव्य कळले तर ते नसलेला रंग निवडता येतो. काही सिलिकेट रंग इतके अल्कधर्मी असतात की त्यांना अशा संरक्षकांची गरजच पडत नाही, मात्र त्याच कारणाने ते डोळ्यांत उडू देऊ नयेत.

प्रश्न : माझा भाऊ फरशी बसवतो. सिमेंटने हात खराब झाले म्हणून त्याने आधी चामड्याचे, नंतर रबराचे हातमोजे घेतले, पण त्रास वाढतच गेला. असे कसे?

उत्तर : ओले सिमेंट कडक अल्कधर्मी असल्याने कातडी जाळते, हा एक भाग, त्यातील सहासंयुजी क्रोमियम (क्रोमियम धातूचे एक रासायनिक रूप) अ‍ॅलर्जी देते, हा दुसरा. युरोपीय संघात 2005 पासून सिमेंटमधील या क्रोमियमवर दशलक्ष भागांत 2 भाग अशी मर्यादा आहे आणि ती पाळण्यासाठी सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळतात. गंमत अशी की बहुतांश चामडे कमावतानाही क्रोमियमचेच क्षार वापरतात, म्हणजे तुमच्या भावाने शत्रूचाच हातमोजा घातला असण्याची शक्यता आहे. रबरात थायुरामसारखी प्रक्रियाद्रव्ये असतात, त्यांचीही वेगळी अ‍ॅलर्जी होते. त्यांनी पॅच टेस्टमध्ये क्रोमियम व रबर दोन्ही तपासून घ्यावे.

तोपर्यंत आत सुती अस्तर असलेले, मनगटाच्या वरपर्यंत येणारे नायट्राइलचे (एका कृत्रिम रबराचे) मोजे वापरावेत. नायट्राइलमध्येही अशी द्रव्ये असू शकतात, म्हणून ती नसलेले मिळाल्यास उत्तम. मोज्यात सिमेंट शिरले तर तो लगेच काढावा, कारण ओल्या सिमेंटसह दिवसभर बंद राहिलेला हात उघड्या हातापेक्षा अधिक भाजतो. फरशीच्या सांध्यांत इपॉक्सी भरताना पातळ, एकदाच वापरायच्या मोज्यांवर विसंबू नये. इपॉक्सीतील काही द्रव्ये त्यांतून थोड्याच वेळात पार होतात.